अप्पांचा नकार

"साहेबांना खुर्ची आणा," शिपाई अंगणातून ओरडला. आमच्या घरात खुर्ची होती कुठं! मी शेजारच्या मास्तरांकडं पळाले आणि त्यांची घडीची पत्र्याची खुर्ची उचलून आणली. उघडताना माझं बोट तिच्यात सापडलं, पण साहेबांसमोर ओरडायची सोय नव्हती. प्रांतसाहेब बसले. अप्पा उभेच राहिले, आणि ते उभे म्हणून वैनी आणि मीही दाराशी उभ्या राहिलो.

तरणे होते साहेब. आमच्या हळणूरच्या फौजदाराविरुद्ध कुणाचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं असेल, तर ते या एकाच माणसानं. हे मी आज इतक्या वर्षांनीही सांगते. उगाच कुणाला वाईट म्हणायची मला सवय नाही. म्हणायचं असेल तिथं मात्र मी सोडत नाही.

"इरप्पा," साहेब अप्पांना म्हणाले, "तुमच्या सुनेनं माझ्याकडं तक्रार केलीय. तुमचा मुलगा ठाण्यातून घरी आला आणि त्याच दिवशी गेला. ठाण्याचं म्हणणं, त्याला आत ठेवलंच नव्हतं. दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. तुमचं म्हणणं, आदल्या सकाळपासून आत होता, मारला. आता खरं काय ते सांगणारा एकच जण उरलाय."

"तो रुद्रभूमीत बसलाय," अप्पा म्हणाले.

आमच्यात जाळत नाहीत. माणूस गेला की त्याला आंघोळ घालायची, विभूती लावायची, मांडी घालून बसवायचं, हातात त्याचं इष्टलिंग द्यायचं आणि तसंच मातीआड करायचं. त्या जागेला रुद्रभूमी म्हणतात. माझा थोरला भाऊ मन्मथ तिथं बसून दीड-दोन महिने झाले होते.

"मी स्पष्टच बोलतो," साहेब म्हणाले. "इतक्या दिवसांनी फार काही सापडायचं नाही. पण बरगडी मोडली असेल तर ती मातीतही मोडलेलीच राहते. जिल्ह्याहून डॉक्टर येतील, मी स्वतः उभा राहीन, तुमच्या स्वामींना जे मंत्र म्हणायचे ते म्हणू देऊ. कायद्यानं मला तुमची परवानगी लागत नाही. पण वरून सांगितलंय की घरच्यांचा विरोध असेल तर हात लावू नका, समाज भडकेल. म्हणून आलो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"नाही," अप्पा म्हणाले.

"आज लगेच सांगू नका. सोमवारपर्यंत विचार करा. सोमवारी मला अहवाल पाठवावाच लागेल, माझी बदली झालीय."

"सोमवारी पण नाहीच."

वैनीच्या हातात चहाची बशी होती. ती तिनं उंबऱ्यावर इतक्या जोरानं ठेवली की चहा सांडला. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. जाताना चहा पिऊन गेले बिचारे, सांडून उरला होता तेवढा.

मन्मथ बाजार समितीत मापाडी होता. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणारा. गमत्या होता. पोतं काट्यावर चढलं की वजन सांगायच्या आधी शेतकऱ्याला म्हणायचा, "काका, घरच्या उंदरांनी ठेवलंय वाटतं थोडं आमच्यासाठी." सगळ्या आडत बाजारात त्याचा आवाज निराळा ऐकू यायचा. मला तर दिवसातून एकदा रडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. येईल त्या स्थळाचं नाक, चालणं, घसा खाकरणं असं हुबेहूब करून दाखवायचा की निलावैनी पदरात तोंड घालून हसायची.

त्या उन्हाळ्यात एका आडत्याच्या गोदामातून तुरीची पोती गेली. कुणी नेली, देव जाणे. आडत्या फौजदाराकडं जाऊन बसला आणि फौजदारानं मापाड्यांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली. मन्मथला सकाळी निरोप आला. तो जरा कचरत होता. अप्पा म्हणाले, "आपल्या मनात काही नाही ना? मग स्वतःच्या पायानं जा, विचारतील ते सांग आणि ये." गेला. दिवस मावळला तरी आला नाही. अप्पा ठाण्यावर जाऊन आले, तर बाहेरच्या बाहेर सांगितलं की इथं या नावाचा कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. भिंतीला धरून धरून आला. अंगात सदरा होता, पण गळा मोकळा.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गळ्यात इष्टलिंग असतं, कापडात बांधून दोऱ्यानं अडकवलेलं. अप्पांच्या घरी नेम कडक. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कुणी पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. लिंग हरवलं तर स्वामींनी दुसरं बांधेपर्यंत उपास. सगळ्यांकडं इतकं कडक नसतं, पण आमच्याकडं होतं. आणि ठाण्यात काय करतात, तर माणसाला आत घालायच्या आधी कमरेचा पट्टा, करदोटा, गळ्यातला दोरा, सगळं काढून घेतात, गळफास घेऊ नये म्हणून. मन्मथचं लिंग तसंच काढून घेतलं. सोडताना दिलं नाही. दारातच त्यानं सांगितलं, मागितलं तर शिपाई म्हणाला, "देव कशाला पाहिजे रे तुला आता?"

तो आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. पोटाशी गुडघे घेतलेले. मी जवळ गेले तर म्हणाला, "सुगले, दवाखाना नको. तिकडं दिसलो तर परत नेतो म्हणालेत." बस्स, एवढंच. पुढं तोंडातून अवाक्षर काढेना. आणि आम्हाला काय वाटलं सांगू? आम्हाला वाटलं, लिंग गेलं म्हणून लेकराच्या जिवाला लागलंय. दुसऱ्या कुणाच्या घरात डॉक्टरला आणायला धावले असते. आमच्या घरात स्वामींना आणायला धावलो. अप्पांनी आधी मला मठात पिटाळलं. रेवणय्या स्वामी तिथं नव्हते, शेजारच्या गावी गेलेले. मी येऊन सांगितल्यावर अप्पांनी सायकल काढली. जाता जाता मला म्हणाले, "बेल आणून ठेव, दीक्षेला लागेल." मी टोपली घेऊन ओढ्याकाठच्या बेलाकडं गेले. झाड काटेरी. चांगली तीन पानांची, न किडलेली डहाळी शोधत बसले. आजही आठवलं की मला माझेच हात तोडावेसे वाटतात, इतक्या निवांतपणे मी पानं निवडत होते.

दिवे लागायच्या वेळी अप्पा स्वामींना मागं बसवून आले. स्वामींनी नवं लिंग ताटात काढलं, मन्मथला उठवायला हात लावला, आणि हात तसाच मागं घेतला.

सकाळी पुरुषांनी आंघोळ घातली. पाठ, बरगड्या, मांड्या काळ्यानिळ्या. ज्यांनी घातली त्यांनी पाहिलं. तेवढ्यात ठाण्यातला एक जण मोटारसायकलवरून आला. अगदी मायेनं बोलायला लागला. "अप्पा, वाईट झालं. आता उगाच चिरफाडीच्या भानगडीत पडू नका. जिल्ह्याला न्यावं लागेल, कापून शिवून देतील. तुमच्यात तर बसवावं लागतं. बसायचं कसं त्यानं?" अप्पांनी मान डोलावली. दुपारच्या आत मन्मथ मातीआड गेला. पुढं चौकशीत फौजदारानं काय सांगितलं, तर पाठीवरचे वळ पोती वाहून पडले असतील. मापाडी पोतं वाहत नाही, पोतं वाहतो तो हमाल, हे त्या मेल्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

तर असं होतं सगळं, आणि अप्पा नाही म्हणून बसले होते.

सोमवार येईपर्यंत आमच्या घरात जे चाललं होतं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण परवडलं असतं. वैनी अप्पांचं ताट वाढायची, पाट मांडायची, आणि आत निघून जायची. अप्पा अर्धी भाकरी खाऊन उठायचे. दोघांच्या मधे मी. "त्यांना विचार, दूध घेणार का." "तिला सांग, नको." एका खोलीत, चार पावलांवर बसून. मी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्हाला दोघांना तोंडं दिलीत ना देवानं?" तर कुणी हसलंसुद्धा नाही. मन्मथ असता तर त्यानं दोघांचे आवाज काढून दाखवले असते.

शनिवारी मीच स्वामींना गाठलं. म्हटलं, तुम्हीच काहीतरी सांगा, ते तुमचंच ऐकतात. स्वामी आले, अंगणात घोंगडीवर बसले. आमच्यात भेटल्यावर नमस्काराऐवजी शरणार्थी म्हणतात.

"शरणार्थी, इरप्पा."

"शरणार्थी, स्वामी."

"तुझी सून म्हणते ते होऊ दे. समाधी उघडली तर मी पुन्हा विधी करीन. समाजातलं कुणी काही बोललं तर माझ्याकडं पाठव."

"बसलेल्याला उठवायचं?"

"तिथं कोण बसलंय रे? शिव होता तो शिवाकडं गेला. आता आहे ती माती. माती उकरून खरं बाहेर येत असेल तर कुठलं शास्त्र आडवं येत नाही. मी जंगम, तुमचा गुरू असून सांगतो."

मला वाटलं, सुटलं बाई एकदाचं! स्वामींनीच मोकळीक दिली, आता अप्पा कशाच्या आडोशाला उभे राहणार? अप्पांनी स्वामींच्या पायावर डोकं ठेवलं आणि खालूनच म्हणाले, "नाही."

स्वामींनी त्यांना उठवलं. "कामून रे, बाबा?"

अप्पा उठले आणि गोठ्यात गेले. गाय बांधलेलीच होती, तिला सोडून परत बांधली.

त्या दिवसापासून अप्पा माझ्या मनातून उतरले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, म्हातारा फौजदाराला भ्याला. पोराला मारणाऱ्यापुढं शेपूट घातली आणि धर्माचं नाव पुढं केलं. आता स्वामींनी ते नावही काढून घेतलं तर सरळ गोठ्यात पळाला. बाप म्हणून ज्याच्यापुढं आवाज चढवला नाही, त्याच्याकडं मला बघवेना.

सोमवारी प्रांतसाहेब स्वतः आले नाहीत. कारकून आला, जीपमधून. त्यानं लिहूनच आणलं होतं. वाचून दाखवलं, की मयताच्या वडिलांचा समाधी उघडण्यास विरोध आहे, कारण धार्मिक. वैनी मधे पडली.

"माझा विरोध नाही. मी बायको आहे. माझी सही घ्या ना!"

"बाई, दोघांचं एकमत पाहिजे. नाहीतर साहेबांना वर उत्तर द्यावं लागतं."

"मग देऊ दे की उत्तर! तो फौजदार कुणाला उत्तर देतो?"

कारकून खाली बघून कागद सरळ करत राहिला. त्याच्या हातात काय होतं? अप्पांनी सही केली. एरवी लफ्फेदार सही करायचे, त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. जीप गेली. वैनी आत जाऊन चुलीपुढं बसली. चूल पेटलेली नव्हती.

अहवाल गेला. प्रांतसाहेब बदलून गेले. फौजदार होता तिथंच होता. बाजारच्या दिवशी बुलेटवरून आडत बाजारात चक्कर मारायचा, आणि मापाडी काट्यामागून त्याला नमस्कार करायचे.

पुढच्या महिन्यात वैनीचा भाऊ तिला न्यायला आला. कायमचं न्यायला. तिनंच बोलावून घेतलं होतं. सकाळची वेळ. तिची पेटी दारात, भाऊ रस्त्यावर रिक्षावाल्याशी बोलत उभा. मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले की तिचा खांदा भिजला. ती रडली नाही. अप्पा ओसरीत बसले होते. ती त्यांच्या पाया पडली.

"येते मामा."

"ये."

पाया पडून ती उठली नाही. तशीच खाली बसून राहिली.

"एक विचारू? जाता जाता?"

"विचार, पोरी."

"स्वामी हो म्हणाले. समाज गप्प बसला असता. मी हो म्हटलं. तुम्हालाच कसली भीती होती? फौजदाराची?"

"फौजदाराला मी भीत नाही."

"मग कुणाला?"

अप्पांनी डोक्याचा रुमाल काढला. मांडीवर घेतला. त्याची घडी घातली, मोडली. मी मनात म्हटलं, आता हे उठून गोठ्यात जाणार. पण ते उठले नाहीत.

"डॉक्टरनं त्याला उघडलं असतं," अप्पा म्हणाले, "म्हणजे काय काय झालं ते सगळं लिहिलं असतं. हे मोडलं, ते मोडलं. आणि शेवटी लिहिलं असतं, पाण्यावाचून गेला."

"पाण्यावाचून?"

"पोरगं मला पाणी मागत होतं, निला. आलं तसं मागत होतं. सुगला मठात गेली होती, तू मागं गोठ्यात होतीस. म्हणाला, अप्पा, घोटभर द्या, आत जळतंय. मी म्हटलं, गळ्यात लिंग नाही आणि पाणी कसं पितोस? जरा दम काढ, स्वामींना घेऊन येतो. माझ्या पायाला धरलं त्यानं. मी पाय सोडवून घेतला." अप्पांनी रुमाल पुन्हा उलगडला. "नंतर स्वामींना मी विचारलं. आडून विचारलं. तर म्हणाले, आजारी माणसाला कसला नेम रे, पाण्याला कोण अडवतं? फौजदारानं मारलं ते खरं. पण जीव गेला तो पाण्यावाचून. उघडला असता तर सगळ्यांदेखत तेच निघालं असतं. फौजदारानं माझ्याकडं बोट दाखवलं असतं, की विचारा त्याच्या बापाला."

मी खांबाला धरून उभी होते. इतके दिवस ज्याला भित्रा म्हणून मनात शिव्या घातल्या, तो बाप हे पोटात घेऊन अर्धी भाकरी गिळत होता. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं.

वैनी म्हणाली, "मी दिलं होतं."

"काय?"

"पाणी. तुम्ही सायकलवर गेलात, सुगलाताई बेलाला गेल्या. मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. नको म्हणत होते. ‘अप्पांना कळलं तर?’ म्हणाले. मी म्हटलं, कळू द्या, मी बघते. प्यायले मामा. घटाघटा प्यायले."

अप्पांनी मांडीवरचा रुमाल बाजूला ठेवला.

"आणि लगेच सगळं उलटलं," वैनी म्हणाली. "लाल होतं. नुसतं लाल. मी राख टाकून पुसून घेतलं. तुम्ही यायच्या आत जमीन सारवून टाकली."

"आणि बोलली नाहीस कुणाला?"

"काय बोलू? नेम मोडून मी पाणी पाजलं आणि दिवे लागायच्या आत माणूस गेला. मला वाटलं, माझ्याच पाण्यानं गेले. माझ्याच हातानं. म्हणून तर मला ते उघडायचं होतं मामा! मारानं गेले की माझ्या पाण्यानं गेले, हे एकदा शिकल्या-सवरल्या माणसानं मला सांगायला पाहिजे होतं. मला दुसरं काही नको होतं."

आणि मग ती रडली. दोन महिने, तीन महिने कोरडी राहिलेली बाई अशी रडली की रस्त्यावरून तिचा भाऊ धावत आत आला. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. "प्याला म्हणजे," एवढंच म्हणत होते. "प्याला म्हणजे. प्याला."

मला मात्र संताप आला होता. एका घरात, एकाच माणसासाठी, एक जण पाणी दिलं नाही म्हणून गुन्हेगार होऊन बसला होता आणि एक जण पाणी दिलं म्हणून. आणि ज्यानं त्याला मारलं तो ठाण्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत असेल. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. आमच्या लेकराचा सगळा हिशेब आम्हीच आमच्या माथी घेऊन मोकळे झालो होतो.

अप्पांनी रुमाल बांधला. "निला, ऊठ. पेटी राहू दे. सुगले, तू पण चल."

"कुठं?"

"प्रांताच्या कचेरीत. उघडा म्हणून सांगतो."

वैनीच्या भावाला पेटीपाशी ठेवून आम्ही तिघं चालत गेलो. अप्पा पुढं, इतक्या झपाट्यानं की आम्हाला पळावं लागत होतं. कचेरीत नवे साहेब होते, वयस्कर, चष्मेवाले. बराच वेळ थांबल्यावर आत बोलावलं. अप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, न लपवता. साहेबांनी मधे तोडलं नाही. मग शिपायाकडून कागद मागवले, चष्मा वर करून वाचले.

"याची चौकशी पुरी झालीय," ते म्हणाले. "मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही. नातेवाइकांनी विरोध केला. खाली तुमची सही आहे."

"चुकलं साहेब. तेव्हा विरोध केला. आता नाही."

"आता माझ्या हातात नाही. वरून आदेश यायला हवा."

"मग वर सांगा."

"वर सांगायला नवीन काहीतरी लागतं. मत बदललं, एवढं पुरत नाही. तुम्ही अर्ज द्या, मी पाठवीन. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही."

वैनी म्हणाली, "त्यांनी रक्त ओकलं होतं साहेब. हे नवीन नाही?"

"कुणी पाहिलं?"

"मी."

"आणि ते पुसलं कुणी?"

 साहेबांनाच आपण बोलून गेलो ते बरं वाटलं नसावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग मीच उकरतो," अप्पा म्हणाले. "माझं पोरगं आहे. मी बसवलंय, मी काढतो. डॉक्टरकडं घेऊन जातो बैलगाडीतून."

"असलं काही करू नका." साहेब एकदम ताठ झाले. "परवानगीशिवाय पुरलेलं प्रेत उकरणं गुन्हा आहे. तुम्हाला अटक होईल."

"मला?"

"हो."

"गुन्हा कोण नोंदवून घेणार?"

साहेबांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांना लावला. "तुमचं ठाणं. फौजदार."

अप्पांनी हे ऐकलं आणि मान हलवली, सावकाश, एखादी गोष्ट एकदाची समजल्यावर हलवतात तशी. मग जोडलेले हात आणखी वर नेले.

"मग घ्या गुन्हा साहेब," ते म्हणाले. "माझ्यावर तर माझ्यावर. पण कुणावर तरी घ्या."

 साहेबांनी घंटीवर हात मारला. शिपाई आत आला, आणि पुढच्या माणसाला आत सोडायचं की नाही ते कळेना म्हणून दार धरून उभा राहिला.